केनियातील महिला संमेलने आणि ज्येष्ठ नागरिक योजनेतील 10 लाख

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. आपले सविस्तर पत्र मिळाले. पत्राचा आशय वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आपण अहिल्यानगर जिल्ह्यातील अनुदानित शाळेतून तीन वर्षांपूर्वी, 58 व्या वर्षी, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालात आणि आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) भगिनी मंडळाचे काम अनेक वर्षे पाहत आहात. केनियातील एका मंडळीने नैरोबी, नाकुरू आणि किसुमू येथे पुढील ऑगस्टमध्ये होणाऱ्या तीन ख्रिस्ती महिला संमेलनांचे नेतृत्व करण्यासाठी आपल्याला बोलावले आहे. मंडळीतील दोन तरुण भगिनींना सोबत न्यावे, त्यांची ऐपत नसल्याने त्यांचा खर्चही आपणच करावा आणि संमेलनांना येणाऱ्या स्थानिक स्त्रियांच्या जेवणाचा भार यजमानांच्या विनंतीनुसार उचलावा, असा आपला मानस आहे. माणशी 1 लाख 60 हजार याप्रमाणे तिघींचे 4 लाख 80 हजार आणि जेवणाचे दीड लाख, असा एकूण 6 लाख 30 हजारांचा अंदाज आपण काढला आहे. त्यासाठी पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून 6 लाख काढावेत की सोने तारण ठेवावे, हा आपला प्रश्न आहे.

हे काम करावे की नाही, हा प्रश्न माझ्या कक्षेबाहेरचा आहे आणि आपणही तो विचारलेला नाही. लूकच्या शुभवर्तमानातील बुरुजाचा दृष्टांत मात्र आपणच दिला आहे, आणि त्यातला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. तोच हिशेब आपण करू. माझे मत आधीच सांगून ठेवतो: आपण अवश्य जावे, परंतु स्वतःच्या वाट्याच्या पैशांवर जावे आणि ज्येष्ठ नागरिक योजनेतील पैशाला हात लावू नये.

त्याचे कारण त्या योजनेच्या नियमांत आहे. या खात्यातून थोडीथोडी रक्कम काढता येत नाही, म्हणजे 6 लाख हवे असतील तर 10 लाखांचे संपूर्ण खाते बंद करावे लागेल. दोन वर्षांनंतर पण पाच वर्षांच्या आत खाते बंद केल्यास मुद्दलाच्या 1 टक्का, म्हणजे आपल्या बाबतीत 10 हजार रुपये, कापले जातील. उरलेल्या रकमेचे नवे खाते उघडता येईल, परंतु त्याला त्या तिमाहीत जो दर असेल तोच मिळेल. हे नुकसान सोसण्याजोगे आहे, खरे नुकसान त्यापुढचे आहे. आज आपल्याला 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीस 20,500 रुपये व्याज मिळते आणि त्यातून आपल्या पतींच्या मधुमेहाच्या औषधांचे व तपासण्यांचे महिन्याला साधारण 5,500, म्हणजे तिमाहीला 16,500 रुपये भागतात. दर तोच राहिला असे धरले तरी 4 लाखांवर तिमाहीचे व्याज 8,200 होईल आणि औषधांतच दर तीन महिन्यांना 8,300 रुपयांची तूट पडेल. ती तूट पेन्शनमधील शिलकीतून भरून निघेल हे खरे, परंतु मग त्या शिलकीचा बराच भाग त्यातच जाईल. शिवाय सतरा दिवसांच्या प्रवासानंतर ही तूट एकदाच नव्हे, तर वर्षानुवर्षे सोबत राहील, आणि औषधे वयाबरोबर कमी होत नाहीत.

सोनेतारणाविषयी फार लिहीत नाही. ज्या कामातून परतफेडीचा पैसा येणार नाही त्यासाठी निवृत्तीनंतर व्याजाने पैसे घेऊ नयेत.

आपल्या पत्रात 3 लाखांच्या पतसंस्थेतील ठेवीचा उल्लेख जाता जाता येतो आणि ती 'अडीअडचणीसाठी' आहे असे आपण म्हणता. येथे मला थांबावेसे वाटते. बँकेतील ठेवींना, मग ती बँक सहकारी का असेना, 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. नगर जिल्ह्यात पतसंस्थांच्या ठेवी अडकल्याच्या कहाण्या आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असतील. ही ठेव मार्चमध्ये मुदत पूर्ण करते आहे, तेव्हा ती नूतनीकरण न करता बँकेत मुदत ठेवीच्या रूपाने, शक्य तर एक-एक लाखाच्या तीन पावत्या करून, ठेवावी, म्हणजे गरजेला एकच पावती मोडता येईल. व्याज थोडे कमी मिळेल, हरकत नाही. आपण परदेशात असताना आपल्या पतींना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली तर पैसा त्याच दिवशी हाती यायला हवा.

त्याच संदर्भात आणखी एक गोष्ट, आणि ती प्रवासाच्या आधी व्हावी असा माझा आग्रह आहे. आपणा दोघांचाही आरोग्य विमा नाही. वय 65 ओलांडल्यावर विमा मिळत नाही हा आपला समज आता खरा नाही. ती वयोमर्यादा 2024 मध्ये उठली आहे, आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही लागत नाही. मधुमेह लपवू नये, अन्यथा ऐन वेळी दावा नाकारला जातो. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार आहेच, परंतु तो ठरावीक उपचारांसाठी आणि योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांतच मिळतो. दोघांचा मिळून हप्ता मी वर्षाला 60 हजारांच्या आसपास धरतो. प्रत्यक्षात तो तपासण्यांवर ठरेल.

आता आपला स्वतःचा वाटा. पेन्शन 38 हजार आणि घरखर्च 31 हजार, म्हणजे महिन्याला 7 हजार शिल्लक राहते. जुलैपर्यंतच्या दहा महिन्यांत 70 हजार जमतील. बचत खात्यात 1 लाख 80 हजार आहेत. त्यातून विम्याचे 60 हजार आणि प्रवासासाठी 90 हजार काढले तरी 30 हजार उरतात आणि बँकेत आलेले 3 लाख अबाधित राहतात. अशा प्रकारे आपले 1 लाख 60 हजार कोणतेही खाते न मोडता उभे राहतात. पुढच्या वर्षीचा विम्याचा हप्ता पुन्हा याच मासिक शिलकीतून जाईल, म्हणून अशी सेवायात्रा दरवर्षी करण्याचे वचन यजमान मंडळीला देऊ नये.

तिकीट काढण्यापूर्वी मात्र डॉक्टरांकडे जावे. केनियातून भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचे प्रमाणपत्र असावे लागते, ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि नसल्यास विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते. ही लस साठीनंतर पहिल्यांदाच घेताना दुष्परिणामांचा धोका वाढतो, त्यामुळे डॉक्टर आधी प्रकृती तपासून मगच निर्णय देतात. आपले वय 61 आहे आणि आपल्याला रक्तदाबही आहे. लस घेऊ नये असा सल्ला मिळाला आणि तोवर परतावा न मिळणारे स्वस्त तिकीट काढलेले असले, तर 50-55 हजार रुपये हकनाक जातील. किसुमू हे व्हिक्टोरिया सरोवराकाठचे शहर असून तेथे मलेरियाचा धोका असतो, तेव्हा प्रतिबंधक गोळ्यांचेही त्याच भेटीत विचारावे. प्रवास विमा घेताना रक्तदाब नोंदवावा आणि आधीच्या आजारामुळे उद्भवलेल्या तातडीच्या उपचारांना त्यात संरक्षण आहे का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचून पाहावे, एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नये.

केनियासाठी आता व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते आणि तिचे शुल्क 30 डॉलर आहे. अर्जात येण्याचा हेतू खरा लिहावा. संमेलनात प्रवचन करणार असताना 'पर्यटन' लिहिण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. ही परवानगी आपल्या कामाला पुरते की वेगळा परवाना लागतो, हे यजमान मंडळीने तेथील इमिग्रेशन विभागाकडून लेखी मिळवून आपल्याला पाठवावे. विमानतळावरून परत पाठवले गेल्यास तो खर्च सहसा कोणताही विमा भरून देत नाही.

सर्वांत नाजूक भाग त्या दोन भगिनींचा आहे. त्यांनी यावे ही आपली इच्छा योग्यच आहे, परंतु त्यांना पाठवणे हे मंडळीचे काम आहे, एका निवृत्त शिक्षिकेच्या ठेवीचे नव्हे. आपण पाळकसाहेबांशी आणि मंडळीच्या पंचायतीशी बोलून त्या दोघींचे 3 लाख 20 हजार दानार्पणातून उभे करण्याचा रीतसर ठराव मांडावा. येथे पंडिता रमाबाईंची आठवण होते. 1886 मध्ये अमेरिकेत गेल्यावर त्यांनी व्याख्याने देत देशभर पाठबळ गोळा केले आणि 1887 मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या संघटनेने दहा वर्षे निधी देण्याचे आश्वासन दिले. त्यानंतर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा सुरू झाली. काम त्यांचे होते, श्रद्धाही त्यांची होती, पण पैशाचा भार अनेकांच्या खांद्यांवर, ठरलेल्या मुदतीचा आणि आधी कबूल केलेला होता.

वर्गणी जमली तर ती आपल्या वैयक्तिक खात्यात घेऊ नये. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात एकूण 50 हजारांहून अधिक रक्कम भेट म्हणून मिळाली, तर जादाची नव्हे, संपूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते. आपले पेन्शन आणि व्याज मिळून उत्पन्न 5 लाख 38 हजार आहे आणि नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत रिबेट मिळत असल्याने प्रत्यक्ष कर बहुधा शून्यच येईल, परंतु रक्कम विवरणपत्रात दाखवावी लागेल आणि मंडळीत कोणी कधी हिशेब विचारला तर उत्तर आपल्याला एकटीला द्यावे लागेल. त्याऐवजी वर्गणी मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यात जमा व्हावी, पावत्या द्याव्यात आणि तिकिटांचे पैसे ट्रस्टने थेट प्रवास कंपनीला धनादेशाने द्यावेत. ट्रस्टचा पैसा देशाबाहेरील कामावर खर्च झाल्यास त्याच्या आयकर सवलतीचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो, म्हणून ठरावाआधी ट्रस्टच्या सनदी लेखापालांचे मत लेखी घ्यावे. 80जीची, म्हणजे दानावरील आयकर सवलत मिळेल का, असेही आपण विचारले आहे. स्वतःच्या प्रवासाचा खर्च हे दान नव्हे, विशिष्ट धर्मसमुदायासाठीच्या ट्रस्टला ती सवलत मिळत नाही, नव्या प्रणालीत ती उपलब्ध नाही आणि मुळात आपल्याला वाचवायला करच नाही. तेव्हा हा विषय मनातून काढून टाकावा.

जेवणाच्या दीड लाखांविषयी मी काहीसे कठोर बोलणार आहे. या अंदाजात किती स्त्रिया येणार, किती वेळचे जेवण, दर काय आणि जास्त संख्या आली तर कोण भरणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर यजमानांच्या पत्रात नाही. वरची मर्यादा नसलेला खर्च ही खर्चाची रक्कम नसून कोरा धनादेश असतो. केनियात हरांबे म्हणजे सर्वांनी मिळून वर्गणी उभारण्याची परंपरा इतकी रुजलेली आहे की ते त्या देशाचे बोधवाक्य आहे. तेथील मंडळीने सहभागींकडून अल्प नोंदणी शुल्क घ्यावे आणि जेवणाची जबाबदारी स्वतःकडे ठेवावी, असे आपण लिहिल्यास त्यात अवमानकारक काही नाही. तरीही काही द्यायचेच असेल तर आपल्या 1 लाख 60 हजारांच्या आत बसेल एवढी एक ठरीव भेट द्यावी आणि ती रक्कम आधीच पत्राने कळवावी. परदेशी पैसे पाठवण्याची जी उदार मुभा रिझर्व्ह बँक देते ती व्यक्तींना आहे, ट्रस्टला नाही. म्हणजे 'मंडळीच्या खात्यातून केनियाला पाठवू' हा आपल्या खजिनदारांचा विचार त्या मार्गाने होणार नाही.

आपल्या अमेरिकन परिचित कुटुंबाने तिकिटांसाठी 1,000 डॉलर आपल्या खात्यात पाठवण्याची तयारी दाखवली आहे. ते पैसे कृपया स्वीकारू नयेत. धार्मिक कार्यक्रमासाठी परदेशी स्रोताकडून पैसे घ्यायचे तर परकीय अंशदान नियमन कायद्यानुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, ती आपल्याकडे नाही आणि, आपण लिहिता त्यावरून, मंडळीच्या ट्रस्टकडेही नाही. त्या कुटुंबाला मदत करायचीच असेल तर त्यांनी अमेरिकेतून थेट केनियातील यजमान मंडळीला पैसे पाठवावेत. जेवणाचा प्रश्नही त्यातून बराचसा सुटेल आणि भारतीय खात्यांचा त्यात संबंध उरणार नाही.

वेळापत्रकाबाबत एवढेच सुचवतो: डॉक्टरांची भेट आणि यजमानांना पत्र या महिन्यात, आरोग्य विमा डिसेंबरपूर्वी, पतसंस्थेची ठेव मार्चमध्ये बँकेत, आणि दोन भगिनींच्या वर्गणीचा अंतिम हिशेब 30 एप्रिलला. त्या तारखेला एकीचेच पैसे जमलेले असतील तर एकीनेच यावे, आणि कोणाचेच जमले नसतील तर आपण एकटीने जावे. मंडळीने ठराव नाकारला तर कळवावे; पंचायतीपुढे ठेवता येईल असा एका पानाचा हिशेब मी तयार करून पाठवीन.

आपला,
आर्थिक सल्लागार