नव्या तलंगा जुन्या कोंबड्यांत सोडताना

हौसेनं तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्यात, आता महिनाभर दम धरा. आणल्या त्याच संध्याकाळी खुराड्यात कोंबल्या, ही सगळ्यांची पहिली चूक. आधी तीन आठवडे लांब, वेगळ्या ठेवा. राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, लस झाली आहे का ते विचारून घ्या. मानमोडी शिरली की अख्खं परसू रिकामं होतं.

मग आठवडाभर मध्ये फक्त जाळी. बघू देत एकमेकींना. तलंगा 10-12 आठवड्यांच्या, जवळजवळ जुन्यांच्या अंगाच्या झाल्याशिवाय जाळी काढू नका, आणि एकटीला तर कधीच सोडू नका.

सोडल्यावर:
- खाण्यापाण्याची भांडी दोन ठिकाणी, लांब लांब.
- माडाची झापं भिंतीला तिरकी टेकवा, दोन्ही तोंडं उघडी. माझी एक तलंग बंद कोपऱ्यात अडकली होती. डोक्यावरची पिसं उपटलेली, मान रक्ताळलेली. पळायला वाट हवीच.
- अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य तलंगांना नको, त्यात कॅल्शियम जास्त. सगळ्यांना ग्रोवर (वाढत्या कोंबड्यांचं खाद्य) द्या, जुन्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत.

टोचाटोची काही दिवस चालणारच, घाबरू नका. रक्त दिसलं तर मात्र तिला लगेच बाजूला घ्या. आणि शक्यतो पावसाळा टाळा. ओल्या तुसात रक्ती हगवण फार लवकर पसरते.