कॅफेला 'हिटलर' नाव ठेवलं तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय की सांगलीत विश्रामबागला मित्र कॅफे काढतोय, नाव 'हिटलर' ठेवायचं म्हणतोय, हटके वाटतं, चालेल का. नका ठेवू देऊ, हात जोडून सांगतो.

हे आधी होऊन गेलंय. २००६ला नवी मुंबईत खारघरला 'हिटलर्स क्रॉस' नावाचं हॉटेल निघालं, ज्यू लोकांनी विरोध केल्यावर थोड्याच दिवसांत नाव बदललं. २०१२ला अहमदाबादला कपड्याच्या दुकानाचंही तेच झालं. अंब्रो कंपनीने तर बुटाला 'झायक्लॉन' नाव दिलेलं, आणि झायक्लॉन बी म्हणजे ज्या विषारी गॅसने हिटलरच्या ऑशविट्झ छळछावणीत माणसं मारली तो, मग २००२ला नाव मागे घ्यावं लागलं.

आपल्याकडे कडक मास्तरला पण हिटलर म्हणतात, त्यामुळे ६० लाख ज्यू मारलेले डोळ्यासमोर येतच नाहीत. पण कोकणातले शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायल ज्यू, घरात मराठी बोलणारी आपलीच माणसं, ती पाटी वाचून त्यांना काय वाटेल? आणि मिरजेहून कोल्हापूरला जाताना वळिवडे लागतं ना, तिथं दुसऱ्या महायुद्धात घरदार गेलेले जवळपास ५ हजार पोलिश लोक तेव्हा राहिले होते, बायका-पोरंच जास्त. एवढ्या जवळ.

स्वस्तिकाचं विचाराल तर दारावर बिनधास्त काढा, ते आपलं फार जुनं आहे. फक्त लाल कापडावर पांढरा गोल आणि त्यात तिरपं काळं, तसला लोगो नको.

मित्राला म्हणावं हळद, कृष्णाकाठ, कायपण ठेव.