फुटलेले कागद: सिद्ध, उघड की शाबीत?

प्रश्न सोलापुरातल्या एका कॉलेजच्या मुलीचा आहे. वादविवाद स्पर्धेच्या भाषणात तिने लिहिलं, ‘फुटलेल्या लष्करी कागदपत्रांनी इराकमधले युद्धगुन्हे सिद्ध केले.’ सरांनी ‘सिद्ध’ खोडून ‘उघड’ केलं. बरोबर कोण?

सर. पण ‘सिद्ध’ खोडून भागत नाही, खरी अडचण पुढच्या ‘गुन्हे’त आहे.

एप्रिल २०१० मध्ये विकिलीक्स या गुप्त कागदपत्रं जाहीर करणाऱ्या संकेतस्थळाने अमेरिकी हेलिकॉप्टरमधून झालेलं चित्रण जाहीर केलं. १२ जुलै २००७ च्या बगदादमधल्या त्या गोळीबारात रॉयटर्स वृत्तसंस्थेचे दोन कर्मचारीही मेले. गोळ्या कोणी झाडल्या, यावर वादच नाही. वाद आहे तो या प्रकाराला म्हणायचं काय यावर. लष्कराच्या स्वतःच्या चौकशीने सैनिकांना दोषी धरलं नाही. म्हणजे घटना उघड झाली, गुन्हा शाबीत झाला नाही.

‘शाबीत’ हा कोर्टकचेरीतला जुना शब्द मला इथे फार उपयोगी वाटतो. तो म्हटला की खटला, उलटतपासणी, न्यायाधीश सगळं सोबत येतं. ‘सिद्ध’ला ती शिस्त नाही. प्रमेय सिद्ध होतं, माणूस लढायला सिद्ध होतो, आणि आमचं तर ग्रामदैवतच सिद्धेश्वर! म्हणून वक्त्यांना तो शब्द आवडतो.

अर्थात शाबीत झालं म्हणजे लोकांनी मानलं, असंही नाही. हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यावरचा पोलिसांच्या खुनाचा आरोप कोर्टाने शाबीतच धरला होता. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. गावाने त्यांना हुतात्मे म्हटलं आणि चौकात चार पुतळे उभे केले.

विकिलीक्सनेच ऑक्टोबर २०१० मध्ये जाहीर केलेल्या इराक युद्धाच्या ३,९१,८३२ अहवालांची गोष्ट थोडी निराळी. ते अमेरिकी सैनिकांनीच लिहिलेले. आपल्याच हाताचा कागद आपल्यावर उलटतो तेव्हा त्याला वजन येतं, तरी त्यात ऐकीव मजकूरही असतोच. मात्र त्यांत उल्लेख असलेला ‘फ्रॅगो २४२’ हा आदेश पाहा: इराकी सैनिक-पोलिसांनी आपल्याच लोकांचा छळ केला आणि त्यात अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या फौजा नसतील, तर वरून सांगितल्याशिवाय पुढे चौकशी करू नका. असा आदेश होता, एवढं म्हणायला ‘सिद्ध’ चालेल. तिथे साक्षीदार लागत नाही, कागदच ती कृती आहे.

जाता जाता ‘फुटलेल्या’बद्दल. पेपर फुटला म्हटलं की दोष फोडणाऱ्याचा. बिंग फुटलं म्हटलं की ज्याचं फुटलं त्याचा. क्रियापद एकच, आरोपी बदलतो. हे कागद विकिलीक्सला पुरवणाऱ्या अमेरिकी सैनिक चेल्सी मॅनिंग यांच्याबाबत अमेरिकेने ‘पेपर फुटला’ हा अर्थ धरला: २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा. ती २०१७ मध्ये ओबामांनी कमी केली.

तेव्हा ताई, असं म्हण: ‘कागदांतून घटना उघड झाल्या, गुन्हा शाबीत झाला तो कागद फोडणारीचा.’ सरांनाही यात खोडायला काही सापडणार नाही.