बीपी मशीनच्या आधी गोळ्यांचा हिशेब करा

भाऊ, घाटंजीकडच्या तुमच्या गावात डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, ग्रामपंचायत दोन बीपी मशीन घ्यायला तयार आहे, पण काही जण विचारतात, "आशाताईनं पाह्यलेल्या बीपीवर भरवसा काऊन ठेवाचा?" मी यवतमाळ जिल्ह्यात २६ वर्षं काढली, आधी एएनएम म्हणजे उपकेंद्राची नर्स म्हणून, मग आरोग्य सहायिका म्हणून. आशाताई मोजण्यात कमी पडत नाहीत. घोडं पुढं अडतं.

मोजताना चूक होते ती घाईनं. माणूस वावरातून उन्हात चालत आलेला, तोंडात खर्रा, खाटेवर पाय लोंबकळत, आणि आपण लगेच पट्टा बांधतो. बीपी वाढलेलंच दिसणार. खर्रा किंवा चहा झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या. मग पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसवा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि दोनदा मोजा. याला एमबीबीएस लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं होतं. त्या गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ज्या विदर्भात हे झालं, तिथं पट्टा बांधण्यावर शंका कशाला?

आता अडतं कुठं ते सांगते. आमच्या एका गावात आशाताईनं तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे फॉर्म भरले, बीपीवाले शोधले, डॉक्टरांकडून गोळ्या सुरू करवल्या. पेरणीच्या दिवसांत उपकेंद्रातल्या गोळ्या संपल्या. तालुक्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. एका काकाजींनी दोन महिने गोळी घेतली नाही. "डोकं दुखत नाही, मंग गोळी कायले?" म्हणायचे. भादव्यात त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. ती आशाताई माझ्यापुढं रडली. तिनं तिचं सगळं काम चोख केलं होतं, फक्त गोळी तिच्या हातात नव्हती.

अभ्यासांतही हेच दिसतं. आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत आशांनी टॅबवर हृदयविकाराचा धोका मोजून लोकांना डॉक्टरांकडे पाठवलं. लोक दवाखान्यात जास्त गेले, तरी बीपी आटोक्यात येण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. उलट कोलंबिया आणि मलेशियात 'होप-४' नावाचा अभ्यास झाला. तिथं डॉक्टरांच्या देखरेखीखाली कार्यकर्त्यांनी बीपीची आणि कोलेस्टेरॉलची औषधं फुकट दिली, आणि घरातला किंवा ओळखीचा एक माणूस गोळीची आठवण द्यायला नेमला. वर्षभरात तिथल्या ६९ टक्के लोकांचं बीपी आटोक्यात आलं, नेहमीच्या उपचारवाल्यांत ३० टक्क्यांचं. काम सोपवायचं तर असं, गोळीसकट.

म्हणून मशीनची ऑर्डर देण्याआधी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्या किती शिल्लक आहेत ते विचारा. निदान करून गोळी सुरू करणं डॉक्टरांचंच काम. पुढं दर महिन्याच्या ३० गोळ्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून गावातच मिळाल्या पाहिजेत, हे ग्रामसभेत ठराव करून मागा. कोणत्या घरात गोळी चुकली ते आशाताई पाहील. ॲम्लोडिपिननं कधी पाय सुजतात, मग लोक कोणाला न सांगता गोळी सोडतात. तिनं हे आधीच सांगून ठेवलं तर माणूस परत डॉक्टरांकडे येतो. बीपी १८०/११० च्या वर असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं किंवा हातपाय लुळा पडला तर बीपी कितीही असो, १०८ बोलवा.

आणि कृपा करून हे तिच्यावर फुकटात लादू नका. लसीकरण, गरोदर बाया, सर्वेक्षण यांतच तिचा दिवस सरतो. दर फेरीचा मोबदला ग्रामपंचायतीनं आधी ठरवावा.

गावात तीस वर्षांवरचे किती जण आहेत आणि पीएचसीत गोळ्या किती आहेत, एवढं कळवा. घरांची वाटणी कशी लावायची ते मी लिहून देते.