सात महिन्यांच्या बाळाला तीन-तीन दिवस शी होत नाही, पानाचा देठ लावावा का?

ताई, वरचं खाणं सुरू झाल्यापासून बाळ तिसऱ्या दिवशी शी करतं आणि सासूबाई एरंडेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ शीच्या जागी लावू म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. देठ राहू द्या. आमच्या नागपूरच्या महाल भागात हा उपाय सांगणाऱ्या आज्या अजून आहेत, माया खरी त्यांची, पण ती जागा नाजूक. एकदा खरचटली की दुखायच्या धास्तीनं लेकरू शी दाबून धरतं आणि तिथून खरी कटकट सुरू होते.

शी किती दिवसांनी होते ते सांगितलंत, कशी होते ते राहिलं. मऊ असेल तर तिसरा दिवसही चालतो. दीड महिन्यानंतर निव्वळ अंगावर पिणारी काही बाळं आठवडाभर करत नाहीत नि मजेत असतात. तोंड लाल करून कुंथतं, पण शी मऊच येते, तर घाबरू नका. बकरीच्या लेंड्यांसारखी कडक गोळी-गोळी येत असेल, तर मात्र बद्धकोष्ठ.

मग नुसता भात आणि वरणाचं पाणी यावर भागत नाही. पिकलेली पपई कुस्करून द्या, काळ्या मनुका रात्रभर भिजवून, वाटून, गाळून द्या, दाट वरणात चमचाभर तूप घाला. संत्र्याचा रस पाजायची आपल्याकडे भारी हौस, पण वर्षाच्या आत रस नकोच. घुटीत मधही नको. जेवताना वाटीनं घोट-घोट पाणी, आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, अंगावर जास्त वेळा पाजा.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. हिरवी, पिवळी, तपकिरी सगळं चालतं. लोहाचे थेंब चालू असतील तर काळपटही होते. पांढरट, खडूसारखी शी किंवा रक्त दिसलं, पोट फुगून टणक झालं, हिरवी उलटी झाली, तर वाट पाहू नका. रात्र असली तरी मेयो किंवा मेडिकल, ही आपली सरकारी रुग्णालयं, गाठा.

उलट पाण्यासारखे जुलाब लागले, तर ओआरएस पाकिटावरच्या मापानंच कालवा, अर्धं पाकीट अंदाजानं नको, आणि अंगावरचं दूध बंद करू नका. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले की लगेच दवाखाना.

डॉक्टरांकडे जाताना लंगोटाचा फोटो मोबाईलमध्ये काढून न्या. लाजू नका, ते पहिला प्रश्न तोच विचारतात.