‘तेच आहे हो, घ्या’

प्रश्न : सासूबाईंना थायरॉइड, मधुमेह आणि रक्तदाब असं तिन्ही आहे. औषधं आणायचं काम माझ्याकडे. जवळच्या मेडिकलमध्ये कायम गर्दी. काउंटरवरचा मुलगा कानाला फोन लावूनच स्ट्रिप काढतो आणि पुढे ढकलतो. या वेळी थायरॉइडच्या गोळीची कंपनी बदललेली दिसली. विचारलं तर म्हणाला, ‘तेच आहे हो, घ्या.’ मधुमेहाच्या गोळ्यांची स्ट्रिप कापून दिली, तिच्यावर तारीखच नाही. ते सांगायला तोंड उघडलं, तोवर तो माझ्या मागच्या माणसाला ‘बोला काका’ म्हणत होता. घरी सासूबाईंनी विचारलं, ‘ही गोळी वेगळी का गं?’ मला उत्तर देता आलं नाही. घरचे म्हणतात, औषध मिळालं ना, मग वाद कशाला? मी उगाच मनाला लावून घेते आहे का?

उत्तर : अजिबात नाही. फार्मासिस्ट म्हणून मी बरीच वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढली आहेत, आणि तुमचं पत्र वाचून मलाही संताप आला. कापडाच्या दुकानात कुणी तुसडेपणा केला तर आपण पुढचं दुकान गाठतो, विषय संपतो. औषधाच्या दुकानात अशी तुटक उत्तरं मिळाली की माणूस विचारायचंच सोडून देतो. पुढे चूक झाली तरी ती कुणाच्या लक्षात येत नाही.

आधी थायरॉइडची गोळी. ‘तेच आहे’ हे अर्धंच खरं. औषध तेच, लेव्होथायरॉक्सिन. पण त्याच्या डोसमधला थोडासा फरकही शरीराला जाणवतो, आणि कंपनी बदलली की गोळी अंगी लागण्यात थोडा फरक पडू शकतो. म्हणून हे औषध शक्यतो एकाच कंपनीचं चालू ठेवावं. बदलावंच लागलं तर डॉक्टरांना कळवावं आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, करून घ्यावी. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्यांत कंपनी बदलल्यानं इतकं बिघडत नाही. हा फरक सांगायला अर्धं मिनिट पुरतं, आणि काउंटरमागे शिकलेलं माणूस असावं लागतं ते याचसाठी. आज एवढं करा : जुनी रिकामी स्ट्रिप नव्या स्ट्रिपशेजारी ठेवा आणि मायक्रोग्रॅमचा आकडा जुळवा. 50च्या जागी 75 आलेली नाही ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आकडा तोच असेल तर डॉक्टरांना फोन करून फक्त कंपनी बदलल्याचं सांगा. वेगळा असेल तर ती स्ट्रिप लगेच परत करा. गोळी मात्र मनानं बंद करू नका.

आता कापलेली स्ट्रिप. मला सर्वांत जास्त राग येतो तो या कात्रीचा. तारीख आणि बॅच नंबर बहुधा एका टोकाला छापलेला असतो. तो तुकडा दुकानात राहतो आणि तुमच्या हातात येतात नुसत्या गोळ्या. कधी नावही अर्धंच येतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनमध्ये साधी 500 असते आणि सावकाश विरघळणारी ‘एसआर’ 500ही असते. आकडा एकच, पण एसआर गोळी कुटून किंवा चावून घ्यायची नसते. नेमकी ती दोन अक्षरंच कापली गेली तर घरात कळणार कसं? तेव्हा पूर्ण स्ट्रिप मागा. नसेलच तर पाकिटावर नाव, ताकद आणि तारीख त्यांच्याकडूनच लिहून घ्या. बिल घ्याच, त्यावर बॅच नंबर आहे ना तेही बघा. एखादी बॅच बाजारातून परत मागवली, तर आपली गोळी त्यातली आहे का हे त्याच नंबरावरून कळतं.

वाद कशाला म्हणणाऱ्या घरच्यांना मेथोट्रेक्सेटचं उदाहरण सांगा. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. समजुतीच्या घोटाळ्यानं ते रोज घेतलं गेलं आणि माणसं दगावली, असं अनेक देशांत घडलं आहे. औषधांच्या टाळता येण्याजोग्या चुकांविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेनं 2017मध्ये जगभर मोहीम सुरू केली, ती उगाच नव्हे.

पुढच्या वेळी त्या मुलाशी हुज्जत घालू नका. तो मदतनीस असण्याचीच शक्यता जास्त. सरळ विचारा, ‘फार्मासिस्ट कोण आहेत? मला त्यांच्याशी बोलायचंय.’ गर्दी नसताना जा. नाव, ताकद, तारीख जुळल्याशिवाय काउंटर सोडू नका, मागे कितीही कुरकुर झाली तरी. मालकाला एकदा शांतपणे, पण स्पष्ट सांगा. तरीही फरक पडला नाही तर दुकान बदला, थोडं लांब पडलं तरी चालेल. मात्र तिन्ही आजारांची औषधं एकाच ठिकाणाहून घ्या. सगळी यादी डोळ्यांपुढे असली की कोणतं औषध कशाला आडवं येतंय, हे चांगल्या फार्मासिस्टच्या लक्षात येतं.

आणि त्या काउंटरवर तुम्हाला सांगायला हवी होती अशी एक गोष्ट : थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. सासूबाई कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या घेत असतील तर मध्ये चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. टीएसएचचा रिपोर्ट आला की मला जरूर लिहा.