हप्ता ३२१ डॉलरचा, बचत ४३ डॉलरची

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी विचारलं आहे: त्यांच्याकडे २०१७ची होंडा ओडिसी आहे, ९८ हजार मैल चाललेली, कर्ज फिटलेलं. मेकॅनिक म्हणतो, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा) आणि वॉटर पंप बदला, दीड हजार डॉलर लागतील. तेवढ्यात डीलरकडे २०२०ची क्रायस्लर पॅसिफिका प्लग-इन हायब्रिड दिसली, म्हणजे घरी चार्ज करून विजेवर आणि बॅटरी संपली की पेट्रोलवर चालणारी. ५२ हजार मैल, किंमत साडेबावीस हजार डॉलर, ओडिसीचे आठ हजार मिळतायत. कर, कागदपत्रं धरून कर्ज १६ हजारांचं, साडेसात टक्क्यांनी, पाच वर्षं. छतावर सोलर आहे, म्हणून "रोजचं फिरणं फुकटात" असा हिशेब आहे. हप्त्यासाठी मुलांच्या ५२९ खात्यात (कॉलेजसाठीच्या बचतीत) जाणारे महिन्याचे ३०० डॉलर थांबवायचे. दोघांचं मिळून उत्पन्न १ लाख ७० हजार, धाकटी मुलगी चार वर्षांची, आणि दर उन्हाळ्यात नाशिकहून सासू-सासरे येतात. "घेऊ का?"

ताई, गाडी वाईट नाही. पण आत्ता, या पैशांनी, घेऊ नका.

तुमचं वर्षाचं फिरणं ११ हजार मैल. त्यातले आठ हजार शाळा, ऑफिस, किराणा असे जवळपासचे आणि तीन हजार लांबचे, असं तुम्हीच लिहिलंय. ओडिसी गॅलनला २२ मैल देते. गॅस, म्हणजे पेट्रोल, गॅलनला ३ डॉलर १० सेंट धरला तर वर्षाला १,५५० डॉलर. पॅसिफिका हायब्रिडची बॅटरी १६ युनिटची (किलोवॉट-तासांची), पूर्ण चार्जवर साधारण ३२ मैल जाते, आणि सरकारी मोजमापानुसार १०० मैलांना सुमारे ४१ युनिट वीज खाते. तुमच्या बिलावर युनिट २२ सेंटला पडतं. म्हणजे विजेवरचा मैल ९ सेंटचा. बॅटरी संपली की गॅलनला ३० मैल, म्हणजे मैलाला १० सेंटच्या थोडं वर. आठ हजार मैलांचे ७२२ आणि तीन हजारांचे ३१०, मिळून १,०३२ डॉलर. वर्षाला वाचले ५१८, महिन्याला ४३.

कर्जाचा हप्ता ३२१ डॉलर. पाच वर्षांत नुसतं व्याजच सव्वातीन हजारांचं. शिवाय ओडिसीवर तुम्ही आता फक्त लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, इन्शुरन्स ठेवलाय. कर्जाची गाडी आली की बँक कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा, घ्यायला लावणार. तो खर्च तुमच्या हिशेबात कुठेच नव्हता. दात कोरून पोट भरत नाही, आणि इथे तर कोरणीच महाग पडतेय.

आता एक गंमत पाहा. टोयोटा सिएना २०२१पासून फक्त हायब्रिडच येते, प्लग नाही, काही नाही. ती गॅलनला ३६ मैल देते. त्याच भावाने मैल पडतो साडेआठ सेंटांच्या जरा वर. म्हणजे २२ सेंटच्या विजेवर पॅसिफिका जितक्यात धावते त्याहून सिएना गॅसवर किंचित स्वस्तात धावते! न्यू जर्सीत २०२५च्या जूनमध्ये विजेचे दर एकदम १७ ते २० टक्क्यांनी वाढले, त्याचा हा परिणाम. युनिट १२ सेंटला मिळणाऱ्या राज्यात गणित वेगळं येईल. एडिसनमध्ये "प्लग म्हणजे बचत" हे आपोआप खरं होत नाही.

सोलरचं म्हणाल तर ती वीज फुकट नाही. नेट मीटरिंगमध्ये तुम्ही ग्रिडला दिलेल्या युनिटची वजावट तुम्हाला पूर्ण किरकोळ दराने मिळते. तेच युनिट गाडीत घातलं की ती वजावट गेली, म्हणजे गाडीने २२ सेंट खाल्लेच. अपवाद एकच: वर्षाअखेरच्या हिशेबात तुमच्या खात्यावर युनिट उरत असतील तर. उरलेल्यांचे पैसे कंपनी घाऊक दराने, म्हणजे अगदी थोडे देते. ते गाडीत घालणं शहाणपणाचं. आठ हजार मैलांना जवळपास ३,२८० युनिट लागतील, तेव्हा मागच्या वर्षाअखेरचं बिल काढून पाहा. समजा तेवढी सगळी उरतात आणि विजेचा खर्च शून्य धरला, तरी बचत महिन्याला १०३ डॉलरवर थांबते. हप्ता ३२१च.

तुमच्या यजमानांच्या मित्राला २०२४मध्ये नव्या प्लगवाल्या गाडीवर साडेसात हजारांचं टॅक्स क्रेडिट (थेट करातली सूट) मिळालं, ते खरं. तशा जुन्या गाडीवरही चार हजारांपर्यंत मिळायचं. पण दोन्ही ३० सप्टेंबर २०२५नंतर घेतलेल्या गाड्यांना बंद झाली. डीलर अजून त्या गोष्टी सांगत असेल तर दुसरा डीलर बघा. कर्जाच्या व्याजाची नवी वजावट आहे, वर्षाला १० हजारांपर्यंत, २०२८पर्यंत. मात्र ती फक्त नव्या आणि अमेरिकेत जुळवलेल्या गाडीला. तुमची जुनी, आणि पॅसिफिका बनते कॅनडात, विंडसरला. सिएना अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बनते. दोघांचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असल्यामुळे नवी सिएना घेतली तर तुम्हाला वजावट मिळू शकते. अर्थात ती चाळीस हजारांच्या आसपास सुरू होते, म्हणून आज तिचंही नाव काढायला नको.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते ५२९ थांबवणं. तुमचं खातं न्यू जर्सीच्याच योजनेत आहे. कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर त्यात भरलेल्या रकमेची, वर्षाला १० हजारांपर्यंत, राज्याच्या करात वजावट मिळते. वर्षाचे ३,६०० भरणं बंद केलंत तर दोनशे-सव्वादोनशे डॉलर जास्त राज्य कर भराल. म्हणजे गॅसवर वाचवलेल्या ५१८मधला मोठा तुकडा ट्रेंटनला, म्हणजे राज्य सरकारकडे, गेला, आणि मुलांच्या खात्यातली पाच वर्षांची वाढ गेली ती वेगळीच.

या विशिष्ट गाडीबद्दलही बोलायला हवं. जुलै २०२४मध्ये २०१७ ते २०२१च्या पॅसिफिका हायब्रिड आगीच्या धोक्यामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्या (रिकॉल केल्या) होत्या. दुरुस्ती होईपर्यंत चार्ज करू नका आणि घरापासून दूर, उघड्यावर लावा, अशी सूचना होती. त्याआधी जानेवारी २०२३मध्ये इंजिन अचानक बंद पडण्यावरून आणखी एक रिकॉल झाला होता. दोन्हींत तुमची २०२०ची येऊ शकते. तुमचं गॅरेज घराला चिकटून आहे. वाहन-सुरक्षा खात्याच्या साइटवर गाडीचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) टाकलात की प्रलंबित रिकॉल दिसतात, फुकटात. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी एक लाख मैलांपर्यंतची धरा. आज ५२ हजार झालेत, वर्षाला ११ हजार पडले तर साडेचार वर्षांत ती संपली. कर्ज मात्र पाच वर्षांचं! शेवटचे काही हप्ते तुम्ही वॉरंटी नसलेल्या बॅटरीचे भरणार. शिवाय कंपनीने २०२६च्या मॉडेलपासून उत्तर अमेरिकेत प्लग-इन हायब्रिड बंद केल्या आहेत. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक हा प्रश्न विचारणारच.

सासू-सासऱ्यांसाठी मोठी गाडी हवी म्हणता. सात माणसं ओडिसीतही बसतात. उलट साध्या पॅसिफिकात मधल्या रांगेच्या सीट फरशीत घडी होऊन गडप होतात, ते हायब्रिडमध्ये होत नाही, कारण त्या खाचांत बॅटरी आहे. नुअर्क विमानतळावर चार मोठ्या बॅगा आणि दोन लोणच्याचे डबे आले की हे कळतं.

मग करायचं काय? टायमिंग बेल्ट बदला. दीड हजार म्हणजे नव्या गाडीचे पाच हप्तेही नाहीत, आणि बेल्ट तुटून इंजिन गेलं तर ओडिसीचे आठ हजारही मिळणार नाहीत. या सप्टेंबरात धाकटी किंडरगार्टनला जाईल. डे-केअरचे तुम्ही महिन्याला १,५०० भरता. शाळा सुटल्यावर सांभाळण्याचे, आफ्टरकेअरचे, पैसे वजा जाता निम्मे तरी सुटतील. ते ७५० दर महिन्याला वेगळ्या बचत खात्यात टाका. दीड वर्षात साडेतेरा हजार जमतात. वर ओडिसीचे जे मिळतील ते, आणि कर्ज अगदी छोटं किंवा नाहीच. तेव्हा सिएना, किया कार्निव्हल हायब्रिड, पॅसिफिका, तिन्ही चालवून बघा. मधेच ओडिसीने दोन हजारांच्या वरची दुरुस्ती काढली तर मला पुन्हा लिहा, तेव्हा उत्तर बदलू शकतं.

एवढं वाचूनही मन पॅसिफिकावरच असेल तर, आवडीला किंमत नसते असं मी म्हणत नाही, पण मग "बचत" हा शब्द काढून टाका आणि ५२९ला हात लावू नका. आणि हो, भिंतीवरचा २४० व्होल्टचा चार्जर बसवायला इलेक्ट्रिशियनला पैसे देऊ नका. तुमचं जवळपासचं फिरणं दिवसाला बावीस-चोवीस मैल. साध्या सॉकेटवर रात्रभरात तेवढं चार्ज आरामात होतं. एक लक्षात ठेवा: महिनोन्महिने गॅस जळला नाही की टाकीतला जुना होऊ नये म्हणून ही गाडी स्वतःहून इंजिन सुरू करते. तेव्हा बिघाड झाला समजून डीलरकडे धावू नका. टाकीत थोडाच गॅस ठेवायचा, म्हणजे तो लवकर संपतो.